शोकाआधीचे शहाणपण

गुरुवार, ३० ऑक्टोबर २०२५ रोजी पवई येथील एका स्टुडिओत सतरा मुले आणि दोन प्रौढ व्यक्ती एका मनुष्याने कोंडून ठेवल्या. वेबमालिकेसाठी निवड करावयाची आहे, असे सांगून ही मुले तेथे बोलावण्यात आली होती. आपल्याला काही लोकांशी बोलावयाचे आहे, त्यात कोणी आडकाठी केली तर आपण ही जागा पेटवून देऊ, अशी धमकी देणारी चित्रफीत त्याने प्रसृत केली. पाहता पाहता खालच्या रस्त्यावर आईबाप, पोलीस, अग्निशमन दलाचे जवान आणि बघे यांची गर्दी लोटली. अखेर पोलीस स्नानगृहाच्या वाटेने आत शिरले. एक गोळी सुटली, ती त्या मनुष्याच्या छातीत लागली आणि तो मरण पावला. मुले सर्वच्या सर्व जिवंत बाहेर आली. त्याच्यापाशी सापडली ती छऱ्याची बंदूक आणि काही रसायने.

त्या मनुष्याचे नाव येथे लिहिण्याचे आम्हांला कारण दिसत नाही. शिक्षण खात्याकडे आपले पैसे थकले आहेत अशी त्याची तक्रार होती. ती खरी की खोटी, आणि त्याच्यावर गोळी झाडण्यावाचून गत्यंतर नव्हते काय, हे दोन्ही प्रश्न चौकशीचे आहेत व त्यांची उत्तरे जनतेला मिळालीच पाहिजेत. परंतु आज आमचा विषय तो नाही. आमचा विषय आहे ती सतरा मुले, आणि ती घरी परतल्यानंतर या नगरीने केलेले विस्मरण.

होय, विस्मरणच. त्या रात्री अंधेरीपासून मुलुंडपर्यंत घरोघरी सुटकेचा निःश्वास टाकला गेला असेल. निजलेल्या मुलाच्या अंगावरचे पांघरूण आयांनी पुन्हा एकदा सारखे केले असेल. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व काही पूर्ववत् सुरू झाले. जे टळले त्याचा शोक कोण करणार? जेथे शोक नाही तेथे वाद नाही, आणि जेथे वाद नाही तेथे कायद्याचे पानही हलत नाही. मुले वाचली म्हणून आपण प्रश्न सोडून दिला. वस्तुतः मुले वाचली म्हणूनच तो शांत डोक्याने हाती घेण्याची सवड आपल्याला मिळाली आहे. असली सवड फार थोड्या समाजांना मिळते.

ज्यांना ती मिळाली नाही त्यांच्याकडे एकदा पाहावे. १३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधील डनब्लेन या लहानशा गावी एक माणूस प्राथमिक शाळेत शिरला व त्याने पाच-सहा वर्षांची सोळा बालके आणि त्यांची शिक्षिका यांना गोळ्या घालून मारले. त्याची पिस्तुले चोरीची नव्हती, परवान्याची होती. गावातील आयांनी एक अर्ज तयार केला. त्या ऋतूत तेथे हिमपुष्प तेवढे फुलते, म्हणून त्या फुलाचे नाव त्या अर्जाला मिळाले. सात लाखांवर लोकांनी त्यावर सह्या केल्या. पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, ब्रिटनच्या संसदेने कायदे करून खासगी माणसाच्या हातातील पिस्तूल काढून घेतले. त्यानंतर तेथील शाळेत तसले हत्याकांड पुन्हा घडलेले नाही. २०१९ च्या मार्चमध्ये न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्च येथे दोन मशिदींत संहार झाला, तेव्हा तेथील पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी मारेकऱ्याचे नाव उच्चारावयाचे नाही असा निर्धार केला, आणि महिना उलटण्याच्या आत लष्करी धर्तीच्या बंदुकांवर बंदी आणणारा कायदा तेथील संसदेने संमत केला.

याच्या उलट चित्र अमेरिकेचे. १४ डिसेंबर २०१२ रोजी सँडी हूकच्या शाळेत सहा-सात वर्षांची वीस मुले आणि सहा मोठी माणसे मारली गेली. मारणाऱ्या तरुणाने वापरलेल्या बंदुका त्याच्या आईने रीतसर विकत घेतलेल्या होत्या. सारे राष्ट्र रडले, मेणबत्त्या पेटल्या, प्रार्थना झाल्या. आणि चार महिन्यांनी, एप्रिल २०१३ मध्ये, बंदूक घेणाराची पूर्वपीठिका तपासण्याची व्याप्ती वाढविणारा साधा प्रस्ताव सिनेटमध्ये ५४ विरुद्ध ४६ मतांनी अडकून पडला, कारण तेथे साठ मते लागत होती. दहा वर्षांनी, २४ मे २०२२ रोजी, टेक्सासमधील युवाल्डी येथे एकोणीस मुले आणि दोन शिक्षिका गेल्या, तेव्हा कोठे एक मर्यादित कायदा झाला.

हे सारे दूर देशीचे, आपल्याला त्याचे काय, असे म्हणणाराने आपल्याच शेजारच्या बिऱ्हाडात डोकावून पाहावे. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली येथील किती घरांतील मुले-सुना न्यू जर्सीत वा कॅलिफोर्नियात आहेत! त्यांची नातवंडे तेथील शाळांत दिवे मालवून, दाराला कडी घालून, बाकाखाली निःशब्द बसण्याचा सराव करतात, आणि सुट्टीत इकडे आली म्हणजे पाढे म्हणून दाखवावेत तितक्या सहजतेने आजीला त्याची हकीकत सांगतात. त्या आजीच्या काळजात जे चर्र होते ते परदेशीचे दुःख नसते.

"पण आपल्याकडे तसे होत नाही," हे आपले ठरलेले उत्तर. तेही तपासून पाहू. ११ डिसेंबर २००७ रोजी तेव्हाच्या गुडगावात, म्हणजे आजच्या गुरुग्रामात, एका खासगी शाळेत आठवीतील दोन विद्यार्थ्यांनी आपल्याच वर्गबंधूला गोळ्या घालून ठार केले. पिस्तूल त्यांपैकी एकाच्या वडिलांचे होते. ३१ जुलै २०२४ रोजी बिहारमधील सुपौल जिल्ह्यात, ज्याला धड अक्षरे गिरविता येत नसतील असा शिशुवर्गातील पाचएक वर्षांचा मुलगा दप्तरातून पिस्तूल घेऊन शाळेत आला. त्याच्या हातून सुटलेली गोळी तिसरीतील दहा वर्षांच्या मुलाच्या हाताला लागली. त्याच वर्षी ६ डिसेंबरला मध्य प्रदेशातील छतरपूर जिल्ह्यात बारावीच्या विद्यार्थ्याने मुख्याध्यापकांना गोळी घालून मारले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये उत्तराखंडातील काशीपूर येथे नववीतील मुलाने शिक्षकांवर गोळी झाडली. तो पिस्तूल घेऊन आला होता जेवणाच्या डब्यात.

जेवणाच्या डब्यात! ज्या डब्यात आईने सकाळी पोळीभाजी भरावयाची त्या डब्यात. या अग्रलेखाच्या लेखकाने वृत्तपत्रात येण्यापूर्वी काही वर्षे वर्गात खडू हाती धरला आहे. दिवाळीच्या आगेमागे मुलांच्या दप्तरांतून टिकल्या फोडण्याची पिस्तुले निघत. ती जप्त होऊन मास्तरांच्या टेबलाच्या खणात जात, खणाला कुलूप लागे, आणि सुट्टी लागण्याच्या दिवशी ती ज्याची त्याला परत मिळत. खण उघडा राहिला आणि मुलांनी परस्पर पिस्तुले काढून नेली, तर मुख्याध्यापक मुलांना बोलावीत नसत, मास्तरांना बोलावीत. खेळण्याच्या पिस्तुलाला लागू असलेला हा साधा न्याय खऱ्या पिस्तुलाला लागू आहे काय, एवढाच आमचा आजचा प्रश्न आहे.

आता आपल्या उपनगरांकडे वळू. गेल्या काही वर्षांत येथे चार प्रसंग घडले. प्रत्येक वेळी आपण हळहळलो, परंतु चारही प्रसंग एका ओळीत मांडून पाहण्याचे कष्ट घेतले नाहीत.

३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूरहून मुंबईकडे येणाऱ्या गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाने आपल्या वरिष्ठाला आणि तीन प्रवाशांना गोळ्या घालून मारले, असा त्याच्यावर आरोप आहे. मृतदेह उतरविले गेले ते बोरिवली स्थानकात. ती बंदूक सरकारने त्याच्या हाती प्रवाशांच्या रक्षणासाठी दिलेली होती.

८ फेब्रुवारी २०२४ च्या संध्याकाळी बोरिवली-दहिसरच्या हद्दीवरील आय. सी. कॉलनीत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांना, जुने वैर मिटल्याचे सांगत, समाजमाध्यमावरील थेट प्रक्षेपण चालू असताना गोळ्या घालण्यात आल्या. मारणाराने नंतर स्वतःलाही संपविले. पोलिसांच्या तपासाप्रमाणे ते पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या नावावरचे होते आणि परवाना उत्तर प्रदेशातील होता. अंगरक्षकाला अटक झाली. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला.

१२ ऑक्टोबर २०२४, विजयादशमीची रात्र. वांद्रे पूर्वेला माजी मंत्री बाबा सिद्दिकी यांची, त्यांच्या आमदार पुत्राच्या कार्यालयाबाहेर, गोळ्या घालून हत्या झाली. येथे पिस्तुले बेकायदा होती.

आणि चौथा प्रसंग पवईचा. छऱ्याची बंदूक, म्हणजे जिला बहुतांशी परवानाच लागत नाही ती.

चार प्रसंग आणि चार जातींची शस्त्रे: एक सरकारी, एक दुसऱ्याच्या परवान्याचे, एक चोरवाटेचे आणि एक परवान्याच्या कक्षेबाहेरचे. या चौघांत समान काय आहे? पहिल्या तिघांत, शस्त्र ज्या हेतूने निर्माण झाले वा दिले गेले त्या हेतूपासून, आणि ज्या हाती ते असावयाचे त्या हातापासून, ते कोणाच्याही लक्षात न येता सुटून गेले. चौथ्यात तर ते कोणाच्या हाती आहे हे पाहण्याचे कोणाकडे कामच नव्हते. आपला कायदा शस्त्र घेणाराची कसून विचारपूस करतो. दिल्यानंतर ते शस्त्र कोठे ठेवले जाते, कोण हाताळते, याची विचारपूस तो जवळजवळ करीत नाही. दुकानाच्या दाराला त्याने भक्कम टाळे ठोकले आहे. घरातील कपाटाला मात्र कडीसुद्धा नाही.

हा कायदा कसा आला हेही ध्यानात घेतले पाहिजे. १८७८ चा शस्त्रकायदा लॉर्ड लिटनच्या अमदानीतला. हिंदी माणसाला निःशस्त्र ठेवावे आणि गोऱ्याला मोकळीक द्यावी, हा त्याचा उघड रोख होता, म्हणून राष्ट्रीय चळवळीने त्याचा वारंवार निषेध केला. स्वातंत्र्यानंतर १९५९ मध्ये संसदेने नवा कायदा केला. गोरा-काळा हा भेद गेला, परंतु परवान्याचे बंधन ठेवले, आणि ते ठेवले हे योग्यच झाले. शस्त्र बाळगणे हा अमेरिकेप्रमाणे आपल्या राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये बेकायदा शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतः होऊन दखल घेताना पुन्हा बजावले आहे. एकवीस वर्षांखालील व्यक्तीला, नेमबाजीच्या सरावासारखे अपवाद सोडता, शस्त्र बाळगता येत नाही. पोलिसांच्या अहवालावाचून परवाना मिळत नाही. प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय नोंदणीत स्वतंत्र क्रमांक आहे. इथपर्यंत सर्व ठीक.

पुढे काय? २०१६ च्या नियमांप्रमाणे परवाना मागणाराकडून शस्त्र सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र घेतले जाते. ते हमीपत्र फायलीत जाते आणि बहुधा तेथेच राहते. २०१९ मध्ये कायदा दुरुस्त झाला. एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका बाळगता येतील असे ठरले. लग्नाच्या वरातीत वा मिरवणुकीत आनंदाने गोळ्या उडवून इतरांचा जीव धोक्यात घालणाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली गेली. ही दुरुस्ती स्वागतार्हच होती. पण त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली, म्हणजे शस्त्राकडे पुन्हा वळून पाहण्याचा सरकारचा प्रसंग दोन वर्षांनी लांबविला.

आणि निष्काळजीपणाची शिक्षा? दुसऱ्याला अधिकार आहे की नाही याची खात्री न करता त्याच्या हाती शस्त्र सोपविले, तर त्यासाठी कलम २९ आहे. परंतु कपाट उघडे टाकले, उशाशी भरलेले पिस्तूल ठेवून झोप काढली आणि ते पोराने उचलले, तर तो फार तर परवान्याच्या अटींचा भंग. त्यासाठी कलम ३० प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड. दोन हजार रुपये! एका विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या वह्यापुस्तकांना याहून अधिक लागतात. आनंदाच्या भरात हवेत उडविलेल्या गोळीला एक लाख आणि मुलाच्या दप्तरात जाऊन पोहोचलेल्या पिस्तुलाला दोन हजार, हे गणित कोणत्याही शाळामास्तराने चुकीचे म्हणून खोडून काढले असते.

यावर दोन आक्षेप घेतले जातील, त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला असा की, खरे रक्त सांडते ते गावठी कट्ट्याने. परवानाधारक बिचारा नियम पाळणारा, त्याला आणखी जखडून काय साधणार? आक्षेपाचा पूर्वार्ध खरा आहे. बेकायदा शस्त्रांचा सुळसुळाट हाच देशातील मोठा रोग आहे. सातपुड्याच्या पलीकडे, जळगाव जिल्ह्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील उमर्टीसारख्या गावाचे नाव महाराष्ट्र पोलिसांच्या गावठी पिस्तुलांच्या प्रकरणांतून पुनःपुन्हा येते. तेथून चोपड्यामार्गे निघालेले शस्त्र पुण्या-मुंबईस पोहोचते, ही गोष्ट पोलिसांना ठाऊक नाही असे नाही. तो ओघ दोन राज्यांनी मिळून, केवळ छापे घालून नव्हे तर त्या हातांना दुसरे काम देऊन, आटविला पाहिजे. परंतु घरात चोर शिरतात म्हणून आपण चुलीतला निखारा उघडा ठेवत नाही. दहिसरचे पिस्तूल उमर्टीहून आलेले नव्हते. दहिसरच्या घटनेला अवघे सहा दिवस आधी, २ फेब्रुवारी २०२४ रोजी, उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यात, अधिकाऱ्याच्या खोलीत, एका आमदाराने आपल्या राजकीय प्रतिस्पर्ध्यावर गोळ्या झाडल्याचा जो आरोप आहे, तेथेही शस्त्र परवान्याचेच होते असे सांगितले गेले. नियम पाळणारा म्हणून ज्याला शस्त्र दिले, त्याने नियम पाळले की नाही हे पाहणे म्हणजे त्याचा अपमान करणे नव्हे. दुचाकी चालविणाराचा परवाना आपण चौकाचौकात तपासतो.

दुसरा आक्षेप आत्मरक्षणाचा. व्यापारी आहे, जवाहिऱ्या आहे, ज्याला खंडणीचे दूरध्वनी येतात असा बांधकाम व्यावसायिक आहे. याने काय करावे? त्याला शस्त्र देऊ नये असे आम्ही म्हणत नाही. पोलीस आयुक्तांनी गरज पारखून ते जरूर द्यावे. आमचे म्हणणे एवढेच की, ज्याला आत्मरक्षणासाठी शस्त्र हवे त्याने त्या शस्त्रापासून इतरांच्या रक्षणाची जबाबदारी घ्यावी. अधिकार आणि जबाबदारी ही एकाच परवान्याची दोन पाने आहेत, आणि आज त्यांतले एकच छापलेले आहे. मिशिगन राज्यातील ऑक्सफर्ड येथे नोव्हेंबर २०२१ मध्ये एका पंधरा वर्षांच्या मुलाने शाळेतील चार विद्यार्थ्यांना मारले, तेव्हा त्याला पिस्तूल आणून देणाऱ्या व ते बंदोबस्तात न ठेवणाऱ्या आईबापांना २०२४ मध्ये मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवून प्रत्येकी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. बंदुकांचे माहेरघर म्हणविणाऱ्या देशाला जे सुचले ते आपल्याला सुचू नये काय?

तेव्हा आमच्या मागण्या अशा आहेत. परवाना देण्यापूर्वी कुलूपबंद पोलादी पेटी आणि गोळ्या ठेवण्याची वेगळी जागा प्रत्यक्ष पाहिल्यावाचून परवाना देऊ नये, आणि वर्षातून निदान एकदा स्थानिक पोलीस ठाण्याने ती पुन्हा पाहावी. निवडणुका आल्या म्हणजे परवानाधारकांची शस्त्रे जमा करून घेण्याची व्यवस्था आपल्याकडे आहे. मतपेटीच्या शांततेसाठी ज्या शस्त्रांचा ठावठिकाणा पोलिसांना लागतो, तो शाळेच्या शांततेसाठी लागणार नाही असे कोण म्हणेल? परप्रांतीय परवान्याचे शस्त्र घेऊन जो अंगरक्षक मुंबईत नोकरी धरतो, त्याची आणि त्याला ठेवून घेणाऱ्या धन्याची नोंद पोलीस आयुक्तालयात झालीच पाहिजे. नोंद नसेल तर दोघांनाही शिक्षा व्हावी. निष्काळजीपणामुळे शस्त्र अल्पवयीनाच्या हाती पडले तर कलम ३० च्या दोन हजारांवर भागू नये. त्यासाठी संसदेने स्वतंत्र व जबर शिक्षा ठेवावी, आणि तसा आग्रह महाराष्ट्राच्या खासदारांनी धरावा. ज्या जवानांच्या हाती सरकार शस्त्र देते, त्यांच्या मनःस्वास्थ्याची नियमित तपासणी व्हावी, आणि ज्याची तब्येत ठीक नाही त्याच्या खांद्यावरची बंदूक वरिष्ठाने बिनदिक्कत उतरवावी.

छऱ्याच्या बंदुकीचे काय? ४.५ मिलिमीटरपर्यंतची नळी आणि २० ज्यूलपर्यंतचा जोर असलेल्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. खेळाडूंसाठी ही सवलत आवश्यक आहे, ती काढून घ्या असे आम्ही म्हणणार नाही. परंतु विकणाऱ्याने घेणाऱ्याचे नाव, वय व पत्ता यांची नोंद ठेवून ती पोलिसांना द्यावी, यात खेळाडूचे काय बिघडते? बंदुकीच्या नळीकडे पाहणाऱ्या मुलाला त्या नळीतून शिशाची गोळी येणार की छरा, हे कळत नसते. पोलिसालाही दुरून कळत नाही. २७ ऑक्टोबर २००८ रोजी अंधेरीहून कुर्ल्याकडे जाणाऱ्या बेस्टच्या बसमध्ये गावठी पिस्तूल घेऊन चढलेल्या पाटण्याच्या तरुणाला पोलिसांनी गोळी घातली होती. पवईच्या त्या दुपारी तो प्रसंग अनेकांना आठवला असेल. हातात शस्त्र दिसले की प्रसंगाला एकच शेवट उरतो. म्हणून शस्त्र हाती येण्यापूर्वीच काय ते करावयाचे.

या नगरीला गोळीचा शोक नवा नाही. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १०६ जणांचे प्राण गेले, आणि त्या चौकाला आपण हुतात्म्यांचे नाव दिले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ जीव गेले. त्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर नऊ-दहा वर्षांच्या एका मुलीच्या पायात गोळी शिरली. पुढच्या वर्षी कुबड्यांच्या आधाराने ती न्यायालयात आली आणि तिने मारेकऱ्याला ओळखले. गोळी लागलेले मूल कसे दिसते हे मुंबईने पाहिलेले आहे. ते पुन्हा पाहावयाचे की नाही, हा निर्णय पवईने आपल्या हाती दिला आहे.

शेवटी एक स्मरण देतो, आणि ते आपल्याच घरचे आहे. बाबा सिद्दिकी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या ती रात्र दसऱ्याची होती. दसऱ्याला आपण शमीचे पूजन करतो, आणि त्यामागची कथा आपण मुलांना सांगतो. अज्ञातवासात जाताना पांडवांनी आपली आयुधे बरोबर नेली नाहीत आणि घरात कोठे उघडी टाकलीही नाहीत. नगराबाहेर, स्मशानाजवळ, उंच शमीवृक्षावर त्यांनी ती बांधून ठेवली. चुकूनही कोणी तिकडे फिरकू नये म्हणून तेथे एक प्रेत टांगले. गांडीवासारखे धनुष्य ज्याच्यापाशी होते त्यालाही ते कोठे ठेवावे याची एवढी काळजी करावी लागली. आपण दसऱ्याची कथा सांगतो, सोने लुटतो, शस्त्रांना हळदकुंकू वाहतो आणि कथेतली ही गोष्ट तेवढी विसरतो.

शाळांचे नवे वर्ष उजाडले की उपनगरांतील लक्षावधी दप्तरे पुन्हा भरली जातील. त्यांत वह्या असतील, कंपासपेट्या असतील, डबे असतील. त्या दप्तरात आणखी काय जाऊ शकते, याचा विचार करण्याचे काम मुलांचे नाही. ते आईबापांचे आहे, परवानाधारकाचे आहे, पोलीस आयुक्तांचे आहे, आमदार-खासदारांचे आहे. डनब्लेनच्या आयांनी सोळा लहान शवपेट्या पाहिल्यानंतर सह्या केल्या. मुलुंडच्या, घाटकोपरच्या, अंधेरीच्या, बोरिवलीच्या आयांना त्या आधीच करता येतील. ज्यांच्याकडे शस्त्र आहे त्यांनी मात्र अर्जाची आणि कायद्याची वाट पाहू नये. त्यांनी आज रात्री कपाटाचे कुलूप ओढून पाहावे.